वाकेल त्याने वाकावे

बंगळुरूच्या आउटर रिंग रोडवरच्या कुठल्याही काचेच्या इमारतीत जा आणि मान वर करा. पांढरं, चौकोनी तुकड्यांचं, एकही सुरकुती नसलेलं फॉल्स सीलिंग दिसेल. त्यात ओळीनं दिवे, ओळीनं एसीच्या जाळ्या, ओळीनं स्प्रिंकलरची बोंडं. या इमारतीत कधी कुणाचा आवाज चढला असेल, असं वाटणारही नाही. चढलेले सगळे आवाज त्या सीलिंगच्या वर आहेत. सीलिंग आणि स्लॅब यांच्यामध्ये जी दोन-अडीच फुटांची पोकळी असते, तिच्यात जागेसाठी जे रण माजतं ते एकदा पाहिलेला माणूस पुढे जन्मात सोसायटीच्या पार्किंगवरून भांडत नाही. त्याला ते पोरकट वाटतं.

मी या पोकळीतला माणूस. केबल लॅडर टांगणं हे माझं काम. केबल लॅडर म्हणजे स्लॅबखाली आडवी टांगलेली लोखंडी शिडी. दोन बाजूंना दोन उभ्या पट्ट्या, मध्ये दर २५० किंवा ३०० मिलिमीटरवर एक दांडी, एका तुकड्याची लांबी अडीच किंवा तीन मीटर. रुंदी वीतभरापासून मीटरभरापर्यंत, गिऱ्हाइकाची वीज आणि ऐपत पाहून. या शिडीवर इमारतीच्या जाड केबली आडव्या पडून राहतात. बारीकसारीक वायरींना भोकाभोकांचा पत्र्याचा ट्रे चालतो, पण मनगटाएवढ्या केबलीला शिडीच लागते. करंट वाहिला की केबल तापते आणि तापली की तिला खालून-वरून हवा हवी असते. हवा मिळाली नाही, तर तीनशे अँपिअरची केबल अडीचशेचंच काम करते. सरकारी खात्यात असं पंखा बंद पडल्यावर होतं.

गावाकडे हे समजावणं सोपं आहे. निपाणीला लग्नात कोणी विचारलं, ‘बंगळुरात काय करतोस? आयटी कंपनीत?’ तर मी ‘हो, आयटी कंपनीतच, फक्त सीलिंगच्या वर’ म्हणून मोकळा होतो. खरी पंचाईत बंगळुरातल्या मराठी माणसांपुढे होते. गणपतीत गांधीनगरच्या महाराष्ट्र मंडळात गेलं की मोदक हातात पडायच्या आत प्रश्न येतो, ‘तुम्ही कोणत्या टेक्नॉलॉजीवर?’ मी एकदा ‘हॉट डिप गॅल्व्हनाइज्ड’ असं सांगितलं. समोरच्या गृहस्थांनी गंभीरपणे मान डोलावली आणि म्हणाले, ‘आता त्यालाच स्कोप आहे.’

त्यांचं म्हणणं तसं खोटं नव्हतं. तयार शिडी साधारण साडेचारशे अंश तापमानाच्या वितळलेल्या जस्तात बुडवून काढतात. जस्ताचा थर मायक्रॉनमध्ये मोजतात आणि हा थर स्वतः गंजून आतल्या लोखंडाला वाचवतो. कारखान्यात हे सगळं शास्त्रशुद्ध होतं. साइटवर मात्र तीन मीटरच्या शिडीतली दोन मीटर सत्तरच हवी असते, मग ग्राइंडर येतो, ठिणग्या उडतात आणि कापलेल्या तोंडावर जस्ताचं नाव राहत नाही. नियमानं तिथे जस्तयुक्त रंग लावायचा. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी दारा-खिडक्यांना मारायचा साधा रुपेरी रंग लागतो. दोन्ही लांबून सारखेच चकाकतात. फरक दोन पावसाळ्यांनी कळतो आणि तोवर ठेकेदाराची अनामत रक्कम परत मिळालेली असते.

माल पीण्याहून येतो. पीण्या म्हणजे शहराच्या वायव्येला पसरलेली अवाढव्य औद्योगिक वसाहत. आमची इमारत बहुधा व्हाइटफील्डला किंवा सरजापूरकडे, म्हणजे बरोब्बर उलट टोकाला. गर्दीच्या वेळी मोठ्या ट्रकला शहरात बंदी, त्यामुळे शिड्या रात्री निघतात आणि पहाटे पोचतात. पहाटे तीनला तीन मीटरच्या दोनशे लोखंडी शिड्या ट्रकमधून उतरवताना जो आवाज होतो, त्यावर समोरच्या अपार्टमेंटमधल्या सभ्य लोकांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आमच्याविषयी काय लिहिलंय ते मला एकानं वाचून दाखवलं होतं. भाषा उत्तम होती.

आता मूळ दुखण्याकडे, म्हणजे जागेकडे. हे शहर एकेकाळी शहाजीराजांच्या जहागिरीत होतं आणि १६८७ साली तीन लाख रुपयांत म्हैसूरच्या वडियारांकडे गेलं. आज तीन लाखांत त्याच शहरात दोन खोल्यांचं डिपॉझिट कसंबसं भागतं. जागेचा भाव असा झाल्यावर बिल्डर मजल्याची उंची इंचाइंचानं छाटतो. आर्किटेक्ट म्हणतो, माणसाला मोकळं वाटलं पाहिजे, सीलिंग खाली येता कामा नये. स्ट्रक्चरवाला म्हणतो, बीम पातळ होता कामा नये. दोघांचंही समाधान होतं आणि मधल्या पोकळीचा बळी जातो. त्या उरलेल्या पोकळीत एसीचा डक्ट, आगीचा पाइप, सांडपाण्याचा पाइप, डेटाच्या वायरी आणि आमची शिडी या सगळ्यांनी गुण्यागोविंदानं नांदायचं असतं. कॉम्प्युटरवरच्या थ्री-डी ड्रॉइंगमध्ये ते नांदतातही. लाल, निळा, हिरवा, पिवळा असे सगळे एकमेकांना न शिवता जातात. ते ड्रॉइंग मीटिंगला भिंतीवर झळकतं, सगळे मान डोलावतात आणि साइटवर परत येऊन ज्याला आधी जमेल तो आधी घुसतो.

असा एक प्रसंग जवळून सांगतो. तळघरातल्या पॅनेल रूमबाहेरचा पॅसेज. आमची सहाशे रुंदीची शिडी पंधरा मीटर सरळ आलेली, लाइनदोरी धरून, लेव्हल तपासून. पुढे बाराशे बाय सहाशेचा डक्ट आडवा. आदल्या रात्री तो तिथे नव्हता. डक्टचा मेस्त्री, फायरचा मेस्त्री, प्लंबर आणि मी असे चौघे माना वर करून उभे. मान वर करून भांडताना माणसाला फार मोठा आवाज काढता येत नाही, हा या भांडणांचा एक गुण.

‘सर, डक्ट वळवला की हवेचा प्रेशर पडतो,’ डक्टचा मेस्त्री म्हणाला. ‘मग वरचे लोक उकडून खाली येतील.’

‘फायरचा पाइप हलवला तर ड्रॉइंग परत मंजुरीला जाईल,’ फायरवाला म्हणाला आणि हातांची घडी घालून उभा राहिला. फायरवाल्याला यापेक्षा जास्त बोलावं लागत नाही.

प्लंबर तर बोललाच नाही. त्यानं खिशातून लेव्हल काढून पाइपवर ठेवली आणि बुडबुडा दाखवला. सांडपाण्याच्या पाइपला शंभरास एक उतार लागतो. तो पाइप वर उचलला तर घाण जाणार कुठे, हे त्याला सांगायची गरज नव्हती. प्लंबरच्या बाजूनं गुरुत्वाकर्षण असतं.

मग तिघेही माझ्याकडे वळले. आवाजात प्रेम आलं. ‘अण्णा, तुमची केबल तर वाकते ना? स्वल्प अडजस्ट माडि.’

म्हणजे, जरा सांभाळून घ्या! या तीन शब्दांच्या विनंतीवर हे शहर चालतं. बसमध्ये तिघांच्या सीटवर चौथा बसतो तो याच मंत्रावर. पण पोकळीत हा मंत्र फक्त इलेक्ट्रिकलवाल्यालाच ऐकवला जातो. डक्टला कोणी अडजस्ट व्हायला सांगत नाही, कारण तो होत नाही. पाइपला कोणी सांगत नाही, कारण पाणी ऐकत नाही. जो वाकू शकतो त्यानं वाकावं, असा तिथला अलिखित कायदा आहे. आमच्या कामात आम्ही सर्वांत गरीब म्हणून नव्हे, सर्वांत लवचिक म्हणून मरतो.

या कायद्याला कागदावरही आधार आहे. टेंडरमध्ये आमच्या बाबीचं वर्णन असं असतं : ‘केबल लॅडर पुरवणे व बसवणे, सर्व बेंड, टी, क्रॉस, रिड्यूसर, नटबोल्ट, फिशप्लेट, सपोर्ट यांसहित पूर्ण, प्रति मीटर.’ यातला ‘सहित’ आमच्या मुळावर उठतो. सरळ शिडीला पैसे, वळणाला फुकट. डक्टखालून जायचं म्हणजे शिडीनं आधी खाली वळायचं, मग आडवं व्हायचं, डक्ट ओलांडायचा, वर वळायचं आणि पुन्हा आडवं व्हायचं. चार बेंड लागले. एकेका बेंडची किंमत सरळ शिडीच्या कितीतरी पट. बिलाच्या वेळी क्लायंटचा इंजिनिअर टेप लावतो आणि वळणाची लांबी आतल्या, म्हणजे लहान बाजूनं मोजतो. मी बाहेरच्या बाजूनं. मध्यरेषेवर तडजोड होते, पण त्याला दोन चहा आणि एक पत्रव्यवहार लागतो.

आणि केबल वाकते म्हणजे किती? साडेतीन कोअरची ३०० चौरस मिलिमीटरची आर्मर्ड केबल साधारण साठ मिलिमीटर जाड असते आणि मीटरला पाचेक किलो भरते. अशी केबल तिच्या जाडीच्या बारापट त्रिज्येपेक्षा जास्त आवळून वळवू नये, असा ढोबळ नियम. म्हणजे सव्वासातशे मिलिमीटरच्या आसपास त्रिज्या. एवढ्या जागेत बंगळुरूचा रिक्षावाला यू-टर्न घेऊन, मीटरवर येणार नाही हे सांगून, पुढे निघूनही गेलेला असतो. केबल त्याहून कमी जागेत कोंबली तर आतलं इन्सुलेशन ताणलं जातं आणि ते बिघडल्याचं आज कळत नाही, चार वर्षांनी एखाद्या रविवारी कळतं. म्हणून मोठ्या केबलींसाठी मोठ्या त्रिज्येचे तयार बेंड कारखान्यातून मागवायचे असतात. ते पीण्याहून यायला वेळ लागतो. तोवर मेस्त्री सरळ शिडीच्या पट्टीला ग्राइंडरनं खाच मारतो, काटकोनात दुमडतो, वेल्डिंगचा एक टाका घालतो आणि ‘बेंड झाला, सर’ म्हणतो. दिसायला तो बेंडच असतो. केबलीला विचारलं तर ती वेगळं सांगेल.

टांगण्याचं शास्त्रही सोपं नाही. साधारण दर दीड मीटरवर आधार हवा : वर अँकर फास्टनर, त्यातून लोंबणारे दोन थ्रेडेड रॉड, खाली चॅनेल, चॅनेलवर शिडी. आता पुष्कळ इमारतींचे स्लॅब पोस्ट-टेन्शन्ड असतात, म्हणजे काँक्रीटच्या आत पोलादी तारा प्रचंड ताणून ठेवलेल्या. ड्रिलचं टोक तशा तारेला लागलं तर काय होईल, हे स्ट्रक्चरल इंजिनिअर कधी पूर्ण सांगत नाही. नुसता डोळे मिटतो. त्यामुळे आधी तारांच्या जागा स्लॅबवर लाल रंगानं आखून घ्यायच्या. आखल्यावर कळतं, की आपले निम्मे आधार बरोबर लाल रेघेवर येताहेत. मग दीड मीटरचे कुठे सव्वा, कुठे एक होतात. स्वल्प अडजस्ट.

भोक पाडल्यावर आतली धूळ पंपानं फुंकून काढायची असते, नाहीतर फास्टनर नीट पकडत नाही. तो पंप नेहमी स्टोअरमध्ये असतो आणि स्टोअरकीपर नेहमी जेवायला. पकड तपासायला कन्सल्टंटकडे खेचून बघायचं यंत्र आहे, त्याला डायल आहे, त्याचा अहवाल निघतो. आमच्या मेस्त्रीची पद्धत निराळी. तो दोन्ही हातांनी रॉड धरतो आणि पाय वर घेतो. बांधकामाचा सुरक्षा अधिकारी त्या वेळी तिथे नसेल, एवढी काळजी तो घेतो. लटकून झाल्यावर खाली उतरतो, हात झटकतो आणि ‘ओके’ म्हणतो. यंत्राचा निकाल आणि मेस्त्रीचा निकाल यांत मी अजून तफावत पाहिलेली नाही, पण अहवालाला यंत्राचाच निकाल जोडतो.

डेटाच्या वायरी हा या घरातला सोवळ्यातला मेंबर. पॉवरच्या केबलीपासून त्या हातभर अंतर राखून जाणार, नाहीतर विजेच्या चुंबकक्षेत्रानं त्यांचा सिग्नल बाटतो. त्यामुळे त्यांना वेगळा ट्रे. आणि विजेच्या शिडीवरून पाण्याचा पाइप जाऊ द्यायचा नाही, पाणी खाली, वीज वर, कारण पाइप आज ना उद्या ठिबकणारच. हा नियम मी प्रत्येक मीटिंगमध्ये घसा फोडून सांगतो. २०२४ च्या मार्चमध्ये शहरात पाण्याचा एवढा दुष्काळ पडला, की प्लंबर मला म्हणाला, ‘सर, या वर्षी तरी वरून नेऊ द्या.’

नियम असाही आहे, की केबल लॅडरवर कोणी पाय ठेवायचा नाही. ती केबलींचं वजन पेलायला असते, माणसांचं नाही. उत्पादक प्रत्येक माहितीपुस्तकात हे ठळक अक्षरात छापतो. पण फॉल्स सीलिंग लागायच्या आधी एसीवाल्याला तिकडच्या नटापर्यंत पोचायचं असतं, चढायचा घोडा लांब असतो आणि समोर इतकी सुंदर, नवी, चकचकीत शिडी असते. तो चढतो. तिच्यावर बसून डबाही खातो. काम ताब्यात द्यायच्या आधी आम्ही शिड्या झाडतो तेव्हा त्यांवर कागदी कप, गुटख्याच्या पुड्या, एक चप्पल, डक्टच्या पत्र्याचे तुकडे आणि तळघरात असेल तर पारव्याचं घरटं सापडतं. घरट्याला केबलीच्या उबेचा फायदा असावा. एका ठिकाणी अंडी होती, तर पोरांनी ते काम आठवडाभर थांबवलं. डक्टवाल्यासाठी ती तासभरही थांबली नसती.

केबल ओढायचा दिवस मात्र सणाचा. ड्रम जॅकवर चढवतात, शिडीवर जागोजाग रोलर ठेवतात आणि मालदा, गंजाम, दरभंगा, धर्मपुरी अशा सगळ्या जिल्ह्यांची पोरं रांगेत खांद्यावर केबल घेतात. भाषा पाच, पण ‘हैशा’ सगळ्यांची एकच. चार बेंडांच्या त्या वळणावर केबल अडते तेव्हा ज्या शिव्या निघतात त्याही पाच भाषांतल्या असतात आणि सगळ्या डक्टच्या मेस्त्रीला उद्देशून असतात. तो त्या वेळी हटकून दुसऱ्या मजल्यावर असतो.

कधी कधी मला या शहराच्या पूर्वजांचा हेवा वाटतो. १९०२ साली शिवनसमुद्रच्या धबधब्यावर वीज तयार झाली आणि सुमारे १४७ किलोमीटर तार ओढून कोलारच्या सोन्याच्या खाणींपर्यंत नेली. त्या काळी एवढ्या लांबवर वीज नेणं हीच जगभर नवलाई होती. तीच वीज १९०५ साली बंगळुरूच्या रस्त्यांवरच्या दिव्यांत आली. मध्ये रान होतं, नद्या होत्या, वाघही असतील. पण एसीचा डक्ट नव्हता.

इमारतीच्या बाहेर आलं की मात्र आमच्यावरचे सगळे नियम संपतात. आत मी दोन शिड्यांच्या सांध्यावर फिशप्लेट, प्रत्येक सांध्याला अर्थिंगची जोडणी, बोल्टचं गोल डोकं आतल्या बाजूला आणि नट बाहेर, केबलीला ओरखडा नको, असल्या गोष्टींवर भांडत असतो. बाहेर फाटकाशी इंटरनेटच्या फायबरच्या केबली झाडावरून लोंबत असतात. गुलमोहराच्या फांदीला वेटोळी घातलेली, खाली फुटपाथवर उरलेली चार मीटर तशीच पसरलेली. रेसिडेन्सी रोड, सेंट मार्क्स रोडसारख्या काही रस्त्यांवर टेंडरशुअर योजनेत फुटपाथखाली केबलींसाठी खास नळ्या घातल्या आहेत आणि ते रस्ते बघण्यासारखे झाले आहेत. पण बाकी शहरात झाडच शिडी आहे. महापालिका अधूनमधून मोहीम काढून या केबली कापते. मग दोन दिवस आख्ख्या गल्लीचं वर्क फ्रॉम होम बंद पडतं, तिसऱ्या दिवशी रात्री कोणीतरी नवी केबल घेऊन त्याच फांदीवर चढतो. झाडाला ड्रॉइंग लागत नाही, अँकर लागत नाही आणि झाड बिलही लावत नाही. वर ते दर वर्षी थोडं वाढून केबल आपोआप उंच करतं. आमच्या क्लायंटच्या नजरेला हे अजून कसं पडलं नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

तेव्हा पुढच्या वेळी तुमच्या ऑफिसात कोणीतरी सीलिंगची एक फरशी काढून दुरुस्ती करत असेल, तर कामातून दोन मिनिटं काढून वर डोकावा. शिडी खाली-वर, डावी-उजवी करत गेलेली दिसली तर घाबरू नका, इमारत नीट बांधलेली आहे. ती सलग, सरळ, एकाही वळणाशिवाय गेलेली दिसली, तर मात्र स्वेटर आणू नका. त्या मजल्यावर एसीचं काम अजून व्हायचं आहे.